माझ्या मागच्या पायावरचा हिशोब

माझ्या मागच्या पायावर, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, सुतारी पेन्सिलीने लिहिलेला एक हिशोब आहे. पेन्सिल चपटी होती, त्यामुळे आकड्यांच्या काही रेघा जाड आणि काही बारीक उमटल्या आहेत. उत्तरात आधी चार लिहिलं होतं. ते खोडून शेजारी तीन लिहिलं आहे आणि त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. लिहिणाऱ्याला उत्तराची खात्री होती.

मित्रांनो, मी एक जुना ईझल आहे. चित्र काढताना कॅनव्हास ज्या लाकडी तिवईवर उभा करतात, ती माझी जात. दारं-खिडक्या करणाऱ्या एका सुताराने आपल्या थोरल्या मुलीसाठी मला घडवलं. ती चित्रकलेच्या पदवीसाठी महाविद्यालयात जाणार होती. एका भल्यामोठ्या चौकटीतून उरलेलं चांगलं लाकूड त्याने किती तरी दिवस बाजूला ठेवलं होतं. "हे साध्यासुध्या कामाला लावायचं नाही," असं तो म्हणायचा. ते काम म्हणजे मी.

सुतार हिशोबासाठी कागद शोधत बसत नाहीत. समोर जे लाकूड असेल त्यावरच ते मापं आणि पैसे लिहितात, आणि काम संपलं की रंधा मारून पुसतात. माझ्या पायावर त्याने फी लिहिली. त्याखाली रंग, ब्रश, कॅनव्हास. त्याखाली कर्जाचं व्याज. ते मुलगी शिकत असतानाही वाढणार होतं. मग शेजारी त्याने लिहिलं, महिन्याला दोन चित्रं. त्या वर्षीच्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनात एका विद्यार्थ्याचं चित्र घराच्या पुढच्या दाराच्या भावाने विकलं गेलं होतं. ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तोच भाव धरला.

"तुमच्या दाराला निदान कडी तरी असते," मुलीची आई म्हणाली. "चित्राला काय आहे?"

"कोपऱ्यात सही असते. तिचेच पैसे."

"मग मीही सही करते आजपासून पोळपाटावर."

सगळे हसले. भागाकार झाला. तीन वर्षांत कर्ज फिटणार होतं. "फिटलं की इथे रंधा मारीन," असं म्हणून त्याने माझ्या पायावर थाप मारली आणि बँकेत जामीन म्हणून सही करून आला.

त्याची चूक बेरजेत नव्हती. दार आधी कुणीतरी सांगतं, मग ते तयार होतं. चित्र आधी तयार होतं आणि मग कुणीतरी येण्याची वाट पाहतं. आयुष्यभर सांगितलेलीच कामं केलेल्या माणसाला हा फरक सुचला नाही. सुचेल तरी कसा? त्याने केलेलं एकही दार कधी त्याच्याकडे पडून राहिलं नव्हतं.

शिकण्याची वर्षं चांगली गेली. थोरली माझ्यासमोर उभी राहून तासन्‌तास रंगवायची. तिला निळा रंग जास्त लागायचा, आणि ब्रश पुसायला ती माझीच आडवी पट्टी वापरायची, म्हणून ती पट्टी अजून निळसर आहे. कॅनव्हास ताणायच्या चौकटी तिचे बाबा घरीच करून द्यायचे. तिला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. बाबांनी ते कात्रण दुकानात करवतीच्या वर चिकटवलं आणि गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी दाखवलं. आमच्या घरात तिचं नाव 'चित्रकारबाई' पडलं.

पदवी मिळाली आणि हप्ते सुरू झाले.

पहिल्या प्रदर्शनात एक चित्र विकलं गेलं. दालनाचं भाडं आणि दालनवाल्यांचा वाटा वजा जाऊन जे हातात आलं, त्यात काचा आणि वाहतूकही निघाली नाही. दुसऱ्या प्रदर्शनात लोकांनी खूप कौतुक केलं. मग तिने एका फोटो स्टुडिओत नोकरी धरली. लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग आणि सुरकुत्या संगणकावर पुसायच्या, असं ते काम. पगार यायचा, त्यातला निम्म्याहून अधिक बँकेत जायचा. मुद्दल तसंच राहायचं, ती फक्त व्याजाच्या मागे धावत होती. बाबांनी गुडघे दुखत असूनही वरच्या मजल्यांची कामं घेतली.

"कसं चाललंय, चित्रकारबाई?" ते रोज विचारायचे.

"चाललंय, बाबा."

एका महिन्यात बाबांना कामच मिळालं नाही. त्या संध्याकाळी थोरलीने स्टुडिओच्या मालकाला फोन करून उचल मागितली. बोलताना ती माझ्या पट्टीवरचा निळा रंग नखाने खरवडत होती. दुसऱ्या दिवशी तिने पैसे बाबांच्या हातात ठेवले आणि सांगितलं, "नदीचं चित्र विकलं गेलं."

 बाबांनी नोटा कपाळाला लावून आईकडे दिल्या.

नदीचं चित्र चादरीत गुंडाळून घराबाहेर गेलं होतं, हे खरं. काही आठवड्यांनी, बाबा कामावर असताना, ते परत आलं. तिने त्यावर पांढरा थर दिला आणि तोच कॅनव्हास माझ्यावर पुन्हा चढवला. मी त्याला लगेच ओळखलं. त्याच्या चौकटीच्या खालच्या पट्टीत डोळ्यासारखी एक गाठ आहे. असं पुढे आणखी दोनदा झालं. गाव, बाजार, नदी, सगळं एकाच कॅनव्हासवर एकाखाली एक गाडलेलं आहे. माझ्यावरचं ओझं दर वेळी किंचित वाढायचं. बाहेर मात्र बाबा सांगत सुटले होते, "हळूहळू का होईना, विकली जातायत."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी मागावं ते एवढंच, की आम्हाला पुसून ठेवा, कोपऱ्यात टाकू नका. मला मात्र ते मागावंसं वाटत नाही. माझ्यावर धूळ बसलेली चालेल. तुमच्या माणसाने "कसं चाललंय" असं विचारलं, तर खरं काय ते त्याला त्याच दिवशी सांगा. नाहीतर तो तुमच्या उत्तरावर पुढचं बांधकाम करतो.

तसंच झालं. थोरलीची धाकटी बहीण बारावी झाली. ताईची चित्रं विकली जातात, हे ऐकतच ती मोठी झाली होती. तिलाही त्याच महाविद्यालयात जायचं होतं. "ताई, तुझ्यापेक्षा माझा हात चांगला आहे, सर म्हणाले," ती चिडवायची. थोरली हसायची आणि विषय बदलायची. सांगते, आज सांगते, असं करत तिने सगळा उन्हाळा घालवला.

आज सकाळी बाबांनी नवं लाकूड आणून खोलीत टेकवलं. धाकटीसाठी नवा ईझल करायला त्यांना माझी मापं घ्यायची होती. त्यांनी माझ्यावरचा कॅनव्हास उतरवला आणि भिंतीला लावला, पाठ बाहेर करून. गाठ सगळ्यांसमोर आली. बाबांचा चष्मा कपाळावर होता. थोरली मात्र त्या गाठीकडेच बघत राहिली.

"फी दुप्पट झाली की हो," आई दारातून म्हणाली.

"चित्रांचा भावही वाढलाच असेल." बाबा गुडघा धरून खाली बसले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी नव्या लाकडावर फी लिहिली, रंग लिहिले, व्याज लिहिलं. शेजारी लिहिलं, महिन्याला एक चित्र. या वेळी त्यांनी जपून धरलं होतं.

"एकच?" धाकटी म्हणाली. "बाबा, माझा अपमान करताय तुम्ही."

"गप गं, शेपटे. एकाने भागतंय का बघू आधी." ते थोरलीकडे वळले. "चित्रकारबाई, शेवटच्या चित्राचे नक्की किती आले होते? तोच भाव धरतो."

पेन्सिलीचं टोक लाकडावर टेकलेलं होतं. 

"अगं, अंदाजे सांग."

थोरली उठली. तिने कॅनव्हास उचलला आणि ती गाठ समोर येईल असा बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा खाली घेतला. त्या गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा.

"ही तर नदीची चौकट," ते म्हणाले.

"हो. आणि बाजाराची. आणि गावाची. यातलं एकही विकलं गेलं नाही, बाबा. पैसे स्टुडिओतून उचललेले होते, तेही मी फेडतेय."

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढून कुठे ठेवावं, हे तिला कळत नव्हतं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

थोरलीने बाबांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"हिला तिथे घालायचं नाही. आणि नवं लाकूड कापू नका, हा ईझलच मोडून हिला अभ्यासाचं टेबल करा. मी आता चित्रं काढणार नाही."