भातामागचे वाल

ट्रेलरचं पुढचं चाक बांधावर चढलं आणि म्हातारी पुतळा उभ्या वालाच्या मधोमध जाऊन बसली.

“अम्मा, हटो ना! मेरेको और भी गाडी लाना है,” ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

बांध फोडून टाकलेल्या मुरुमाच्या ढिगावर तिचा मुलगा कुंदन उभा होता. “आये, ऊठ. लोक बगतान.”

“बगू दे. मी चोरी नाय केली.”

जासईच्या या शेतात पावसाळ्यात भात व्हायचं. भात कापलं की उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. भात घरात राहायचं, वाल बाजारात जायचे, आणि वालांच्या मुळ्यांनी जमीन अशी सुधारायची की पुढच्या भाताला खत विकत आणावं लागायचं नाही. पुतळाच्या सासऱ्याच्या आधीपासून पिकांची हीच पाळी चालू होती. कंटेनर यार्डच्या ठेकेदाराला यातलं एवढंच कळलं, की भात कापलं म्हणजे शेत पावसापर्यंत मोकळं. वीतभर हिरवं उभं असताना मोकळं म्हणे! असल्या माणसाला शेत दिसत नाही, पार्किंग दिसतं.

“पावसापर्यंत गाड्या उभ्या र्‍हातील. मग शेत आपलंच हाय ना?” कुंदन म्हणाला. “वालात मिळतं त्याच्या दसपट भाडं. जरा हिशेब कर.”

“केलाय. गेल्या साली रस्त्याकडचा तुकडा दिलास गाड्यांना. काय झालं तिथं? बोल ना.”

चाकांनी दाबलेल्या त्या तुकड्यात नांगर शिरला नव्हता. लावणीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला होता आणि रोपं पिवळी पडून बसली होती.

“तांदूळ इकत घेऊ,” कुंदन म्हणाला. “दुकानात काय कमी हाय?”

“आनि पुढल्या साली? वाल नाय तर भात नाय. भात नाय तर शेत कशाला ठेवायचं? मग तोच ठेकेदार येऊन बोलंल, पडीक तर हाय, इकून टाक म्हातारे.”

हे कुंदनलाही सुचलं होतं. म्हणूनच त्याचा आवाज चढला. “मग काय करू? यार्डच्या गेटवरची माझी नोकरी त्याच्याच हातात हाय ना! काल तोंडावर बोलला, शेत दे, नायतर उद्यापासून येऊ नको. बस तिथंच. मी बी येऊन बसतो बाजूला. दोघं वाल खाऊ!”

ट्रेलरचं इंजिन घरघरत होतं. पुतळाने बांधापलीकडे उभ्या सुनेकडे पाहिलं. नमिताला सातवा महिना होता. तिने मान खाली घातली.

पुतळा गुडघ्यावर हात टेकून उठली. “गाडी बंद करायला सांग त्याला. संध्याकाळपर्यंत थांबंल.”

“शाम तक? सेठ मारेगा मेरेको!”

“रुक ना यार,” कुंदन त्याच्यावर खेकसला.

ड्रायव्हरने शिवी गिळली आणि इंजिन बंद केलं. पुतळाने कमरेचा विळा काढला आणि ती वाल कापायला बसली. सासूला एकटीला पाहून नमिता बांध उतरून आली आणि मूठभर रोपं उपटू लागली.

“उपटू नको!” पुतळा एवढ्या जोरात ओरडली की नमिता दचकली. “बुडाशी काप. मुळ्या र्‍हाऊ दे खाली. भाताला लागतील.”

कुंदन ढिगावरून खाली आला. “आये,” तो हळू म्हणाला, “यावर भरलेले ट्रेलर उभे र्‍हानार हायेत गो.”

पुतळाने ऐकलं. पुढचं रोप तिने मातीलगत कापलं, बुडाजवळची माती हाताने सारखी केली आणि बसल्या बसल्या पुढे सरकली.