आतून सुटणारी शिवण

काही झालं तरी फाटायचं नाही, असा नेम मी एकदा धरला होता. आत माणूस असताना तर मुळीच नाही. मी राहुटी बोलतेय. लुआंग्वा नदीच्या काठी, मुसांगूच्या झाडाखाली, जंगल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी उभारलेली जाड हिरव्या कापडाची राहुटी. आता पूर्वीसारखी उभी नाही, पण जिवंत आहे.

माझा जन्मच मारात झाला. कात्रीने कापलं, दाभणाने टोचलं, कडांना लोखंडी कड्या ठोकल्या. मग इथे आणून चारी बाजूंनी तणावे ओढले आणि मेखा जमिनीत ठोकल्या. एवढं सोसल्यावर कळलं, की ताणलं जाणं हेच आपलं काम. तरी मला ते आवडलं. आत कुणी निवांत झोपलं की माझंच पोट भरल्यासारखं वाटायचं.

बाहेर मात्र निवांत काहीच नव्हतं. पाणी आटलं की पाणघोडे उरल्यासुरल्या डबक्यासाठी एकमेकांना फाडायचे. एकदा सिंहांनी म्हैस माझ्या तणाव्यालगत पाडली. ती मरायच्या आधीच ते तिला खाऊ लागले. तिचं गरम रक्त माझ्या कनातीवर उडालं आणि वाळून काळं झालं.

झेनासी आमच्या छावणीचा राखणदार. पावसाळा सरला की छावणी नव्याने उभी राहायची आणि पाहुणे येईपर्यंत तो माझ्यात झोपायचा. एका वर्षी माझी मागची शिवण सैल पडली होती. पहाटे सिंहिणीने तिथेच पंजा घातला. टाके तटातट तुटले. तिने त्याला खांद्याला धरून त्या फटीतून बाहेर ओढलं. त्याने दोन्ही मुठींनी माझं कापड धरलं होतं. मला मात्र त्याला धरता आलं नाही, आणि तो गेला.

त्याची बायको फालेसी छावणीतल्या चादरी धुवायची, फाटकंतुटकं शिवायची. तिने वाळू आणि साबणाने माझ्यावरचे डाग घासले. मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने ती शिवण घातली. शिवताना पुटपुटत होती, "मारियामाई, ही पुन्हा उसवू देऊ नकोस. दर शुक्रवारी मी अळणी जेवेन." त्याच वेळी मीही माझा नेम धरला.

त्यानंतर दर वर्षी पाहुणे यायच्या आधी ती त्या शिवणीवरून पुन्हा सुई फिरवायची. तिचा थोरला भाऊ लाझालो छावणीचा कारभारी. तो चिडवायचा, "अगं, ही राहुटी आहे की मगरीची पाठ? सुई शिरायला जागा तरी उरली का?"

"तुझ्या डोक्यात पुष्कळ रिकामी जागा आहे, दादा. तिथे घालू का?"

मग एका वर्षी, एके दुपारी अशीच तयारी चालली होती. संध्याकाळी पाहुणे येणार होते. पलंगावर इस्त्रीच्या चादरी घातल्या, मच्छरदाणी झटकली, तिवईवर हातपाय धुवायचं तसराळं ठेवलं. लाझालोने अंगण असं झाडलं होतं, की वाळूवर खराट्याच्या रेघा उठल्या होत्या. साप गेला तरी माग दिसावा, म्हणून इथे रोज असंच झाडतात.

"दादा, मुसांगूच्या शेंगा कुठे टाकल्यास?" फालेसीने आतून विचारलं.

"मागे ढीग केलाय. पाहुणा पुढून बघतो. मागून कोण बघतंय?"

"हत्ती बघतो. या शेंगांसाठी तो नदी पोहून येईल."

"भर दुपारी? हत्तींना तुझ्यासारखी कामं नाहीत. तू पाठ टेक आणि मोकळी हो!"

पाहुण्याआधी घरच्या माणसाने त्या अंथरुणावर पाठ टेकायची, हा छावणीचा रिवाज. फालेसीने दाराची चेन लावली, पलंगावर पडली, छत न्याहाळलं. तेवढ्यात मागे शेंगा कडाकडा चावल्याचा आवाज आला.

हत्तीण होती, सोबत पिल्लू. चोरट्या शिकाऱ्यांचा तारेचा फास तिच्या सोंडेत रुतून बसला होता. जखमेतून पू गळत होता. फालेसी श्वास रोखून पडून राहिली. अशा वेळी हलायचं नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. खाऊन ती निघूनही गेली असती. पण पिल्लू हुंदडत पुढे आलं आणि दारापाशी त्याचा पाय माझ्या तणाव्यात अडकला. ते किंचाळलं.

आई धावली ती थेट माझ्यावर. तिचा सुळा छतातून आरपार गेला. खांब मोडला. पलंगाचे तुकडे झाले, तसराळं चपटं झालं. दाराची बाजू तिच्या पायांखाली गेली. कोसळलेल्या कापडाखाली फालेसी सरपटत मागच्या कनातीपाशी आली, झेनासीच्या शिवणीपाशी. नखांनी ओरबाडू लागली. नखं उलटली, बोटं रक्ताळली. टाके हलेनात. मी नेम पाळत होते ना!

"सोड गं," ती कुजबुजली. "सोड मला."

ओच्यात दोरा कापायचं पातं होतं. ते तिने काढलं, शिवणीवर टेकवलं, पण हात पुढे जाईना. ते टाके तिने नवऱ्याच्या आठवणीने घातले होते. सुळा पुन्हा आला आणि तिच्या दंडाची कातडी सोलून गेला. तेव्हा कुठे तिने पातं ओढलं. काही टाके तिने कापले. बाकीचे मी सोडून दिले, देवाची शपथ! ज्या फटीतून तो गेला, त्याच फटीतून ती जगायला बाहेर पडली.

लाझालो लोखंडी पातेलं बडवत धावत आला, "ए, इकडे ये! इकडे!" हत्तीण त्याच्यामागे लागली. सोंडेच्या एका फटक्यात तो उडाला. त्याची मांडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती त्याला चिरडायला वळली, तोच फालेसीने त्याच पात्याने पिल्लाचा तणावा कापला. पिल्लू आरडत नदीकडे पळालं. आईने त्याची हाक ऐकली, उचललेला पाय लाझालोशेजारी टेकवला आणि पिल्लामागे गेली.

माझ्याच कनातीची झोळी करून लाझालोला मोटारीपर्यंत नेलं. वाटेत तो कण्हत म्हणाला, "फालेसी, मागून कोण बघतंय ते कळलं बरं का!" ती रडत होती, तशीच हसली.

आता माझी पिशवी झाली आहे. लाझालो लंगडत लंगडत अंगणातल्या शेंगा माझ्यात भरतो आणि लांब ओढ्यापलीकडे रिकामी करतो. "हत्तीणबाईंचा डबा निघाला!" म्हणून ओरडतो. ती सोंडेवरचा व्रण घेऊन तिथे येते. जनावरांच्या डॉक्टरांनी तिची तार काढली.

नव्या राहुटीची मागची शिवण फालेसीनेच घातली. बाहेरून जाड पट्टी, पंज्याला कड सापडू नये अशी. आतून मात्र एक दोरा मोकळा. माणसाने ओढला की सगळी शिवण सुटते. शुक्रवारी ती अजून अळणीच जेवते. फक्त मागणं बदललंय, "माई, घट्ट राहू दे, आणि वेळेला सुटू दे."

बायांनो, तुम्हीही नेम धरा. अवश्य धरा, त्याने मनाला बळ येतं. पाहुण्याचं अंथरूण घालाल तेव्हा आधी घरामागे एक फेरी मारून या. आणि नेमाचा दोरा कितीही पक्का ओवलात, तरी त्याचं एक टोक आतल्या माणसाच्या हाती राहू द्या.