एका हिवाळ्याचं माप

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमचा उजवा पाय एका अनोळखी बाईंच्या मांडीवर आहे. पायमोजा काढलेला. बाई बुटक्या स्टुलावर बसल्या आहेत, त्यांच्या गळ्यात शिंप्याकडे असते तशी टेप लोंबते आहे, आणि त्या तुमच्या अंगठ्याकडे बघताहेत, कारण अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आहे. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. पाय मागे घ्यावासा वाटतो, पण तसं करणं बरं दिसणार नाही. आलं डोळ्यांसमोर? मग आता पुढचं ऐका. तो पाय आश्लेषाचा होता.

"दुखतं?" नखाच्या कडेला हलकेच बोट टेकवत मार्जने विचारलं. मार्ज या दुकानात स्कीचे बूट पायाला बसवून द्यायची.

"नाही," आश्लेषा म्हणाली. मग तिने बाबाकडे पाहिलं. "म्हणजे, थोडंसं. फक्त स्की करताना."

"मग कधी दुखायला हवं?" मार्ज म्हणाली. "झोपताना?"

आश्लेषा हसली. शेजारच्या बाकावर तिचा बाबा, उल्हास, तिचे स्कीचे बूट मांडीवर घेऊन बसला होता. जाड प्लास्टिकचे, निळे, एकेक जणू छोटी बादली. मार्जने त्यातला एक उचलला, आतलं मऊ अस्तर ओढून बाहेर काढलं आणि आश्लेषाला नुसत्या टणक कवचात उभं केलं. बोटं पुढे टेकव म्हणाली. मग तिने टाचेमागे आपला हात घातला. आख्खा पंजा आत गेला.

"हे कोणी निवडले?"

"मीच," उल्हास म्हणाला. "शाळेच्या सेलमध्ये. तिची वाढ होतेय ना. दोन-दोन मोजे घालते ती."

"माझा बाबा माझ्या मापाचं कधीच काही घेत नाही," आश्लेषाने मार्जला तिच्या भाषेत, इंग्रजीत सांगून टाकलं. "मी पुढे जी मुलगी होणार आहे, तिच्या मापाचं घेतो."

मार्ज इतकी मोठ्याने हसली की काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला. उल्हासही हसला.

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिच्या जॅकेटच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. सायकल आणली तेव्हा पहिले सहा महिने तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. भारतातून येणारे फ्रॉक खाली हातभर शिवण आत घेऊनच यायचे. वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही उल्हासच्या घरची रीत होती. तो स्वतः नागपूरच्या शाळेत कमरेला पिन लावलेली हाफपँट घालून गेला होता, आणि ती पँट अंगाला बरोबर बसायला लागली तेव्हा त्याला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की तो मनातल्या मनात ती पुढच्या वर्षीच्या आश्लेषाला घालून बघायचा. ही त्याची सवयच होती. त्यात त्याला एक सुखही होतं.

स्कीच्या बुटाला मात्र ही रीत चालत नाही. बुटात पाय पुढेमागे झाला की वळताना स्की ऐकत नाही आणि उतारावर अंगठा पुढे आदळत राहतो. आश्लेषा गेले सहा आठवडे दर गुरुवारी शाळेच्या बसने अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या त्यांच्या डब्लिन गावाहून टेकडीवर जात होती. टेकडी म्हणजे फार काही नाही, ओहायो सपाटच. पण मार्चच्या पहिल्या शनिवारी तिथे क्लबची रेस होती, आणि या घरात दोन महिने त्या रेसशिवाय दुसरा विषय नव्हता.

म्हणजे, आश्लेषासमोर दुसरा विषय नव्हता.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी जेवणाच्या टेबलावर व्हिसा हा शब्द येत असेल. मोठी माणसं तो जरा हळू आवाजात बोलतात. इथे काम करायची परवानगी म्हणजे व्हिसा, आणि त्याला मुदत असते. उल्हासची मुदत मार्चअखेर संपत होती. कायम राहण्याचा अर्ज त्याच्या कंपनीने करायचा होता. मंदी आली, त्याचा आख्खा विभाग बंद झाला आणि तो अर्ज जागच्या जागी राहिला. उल्हासने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. दूर चँडलरला राहणाऱ्या मित्राने, राजेशने, आपल्या कंपनीत दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याचा फोन आला तेव्हा तो हवापाण्याचंच बोलत राहिला, आणि उल्हासला काय ते कळलं. आता कोणाला विचारायचं उरलं नव्हतं. नागपूरची तिकिटं झाली होती.

हे आश्लेषाला सांगितलं नव्हतं. पाच वर्षांची असताना ती इथे आली. तिच्या लेखी घर म्हणजे हेच.

"सांगून टाक तिला," नीलांबरी, तिची आई, त्याच सकाळी भांडी लावता लावता म्हणाली होती. "शाळेत सांगावं लागेल, मैत्रिणींना सांगावं लागेल. तिलाही वेळ हवा ना."

"रेस होऊ दे."

"आणि हे बुटांचं काय मध्येच? जायला चार आठवडे राहिलेत, उल्हास."

"तिचं नख बघितलंस?"

नीलांबरीने नख बघितलं होतं.  तिने त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली.

दुकानात मार्ज मागच्या खोलीतून बुटांचे तीन-चार जोड घेऊन आली. वापरलेले, पण चांगले. आश्लेषाने एकेक घालून पाहिला. लाल रंगाच्या एका जोडाशी ती थांबली.

"आता उभी राहा. पायावरून पँट वर कर. हं." मार्ज जमिनीवर जवळजवळ झोपून तिच्या घोट्यांकडे बघत होती. "हे बघा, मिस्टर उल्हास. उभी राहिली की पाय आतल्या बाजूला कलतो. तळव्याची कमान खाली बसते. म्हणून बूट नुसता बदलून भागणार नाही. आत फुटबेड हवा."

फुटबेड म्हणजे बुटाच्या आत पायाखाली बसणारी गादी. मार्जने दोन प्रकार काउंटरवर मांडले. एक तयार मिळणारा, कात्रीने कापून कुठल्याही बुटात बसवता येणारा. दुसरा खास पायाचा: एक पातळ पट्टी गरम करून मऊ करायची, मुलीने तिच्यावर उभं राहायचं, आणि ती थंड होत जाईल तशी तिच्या तळव्याचा आकार घेते. मग पुढचा भाग कापून, घासून बुटात बसवायचा. त्या पायाशिवाय तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही.

"तयार घेतला तरी काम भागेल," मार्ज म्हणाली. "पण पायाचा बनवला तर तिला फरक पहिल्याच वळणावर कळेल."

"पायाचा बनवा," उल्हास म्हणाला.

"बाबा, खरंच?"

"हो. खरंच."

आश्लेषाने दोन्ही मुठी आवळून एक छोटी उडी मारली. मार्जने पट्ट्या गरम करायला ठेवल्या. "मुलांसाठी मी नेहमी एक युक्ती करते," ती म्हणाली. "बूट अर्ध्या मापाने मोठा देते आणि फुटबेड बोटांच्या पुढे थोडा लांब ठेवते. टाच आणि कमान घट्ट बसते, पुढे जरा जागा राहते. म्हणजे पुढचा हिवाळाही निघतो. सगळे आईबाप तेच सांगतात."

"बाबाला हे फार आवडणार," आश्लेषा म्हणाली. "ही तर बाबा-साइझ!"

उल्हासने लाल बूट हातात घेतला. बाहेरून, आतून पाहिला. एक बकल उघडलं, लावलं.

"अर्ध्याने मोठा बूट घेतला तर तो थोडा तरी हलतो?"

"थोडा. चालण्यासारखा. पण हलतो."

"मग नको," तो म्हणाला. "आजच्या पायाचा द्या. अगदी बरोबर."

"डिसेंबरमध्ये तो तिला होणार नाही हं. या वयात पाय कसे वाढतात तुम्हाला माहीतच आहे. आणि फुटबेड एकदा कापला की मला तो लांब करता येत नाही."

"हो. या हिवाळ्यापुरताच."

मार्जने खांदे उडवले आणि अर्ध्या मापाने लहान जोडाकडे हात नेला. आश्लेषा मात्र हलली नाही. ती बाबाकडे बघत होती. तो बकलाकडे बघत होता.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, म्हणजे मार्जला कळू नये अशा बेताने. "तू बरोबर मापाचं कधी घेतोस?"

"तुझं नख बघ ना जरा. रेस आहे ना तुझी?"

"हो, पण पुढच्या वर्षी..."

"चल, उभी राहा. मार्जआंटी थांबल्यात."

ती उभी राहिली. पायाखाली दोन्ही पट्ट्या ऊबदार होत्या, ताज्या पोळीसारख्या. मार्जने तिचे गुडघे धरून सरळ केले, घोटे नीट केले. हलू नकोस म्हणाली. आश्लेषा समोरच्या भिंतीवर टांगलेल्या स्कीकडे बघत राहिली. पट्ट्या कोमट झाल्या, मग थंड, मग कडक. मार्ज "झालं" म्हणाली तरी ती तशीच उभी होती.

"अगं, झालं. उतर."

मागच्या खोलीत घासायचं यंत्र बराच वेळ गुरगुरत राहिलं. बूट घालून आश्लेषा दुकानात इकडून तिकडे चालली. गुडघे पुढे वाकवले, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. टाच जागची हलत नव्हती. बोटांची टोकं पुढच्या अस्तराला जेमतेम लागत होती. असंच लागायला हवं, असं मार्ज म्हणाली.

"कसं वाटतंय?" उल्हासने विचारलं.

"मस्त," आश्लेषा म्हणाली. खरोखरच मस्त वाटत होतं. इतकं बरोबर बसलेलं तिने आजवर काही घातलंच नव्हतं.

"पुढच्या हिवाळ्यात ये, तेव्हाचा पाय घेऊन," मार्ज तिला म्हणाली. "हे परत घेऊ, नवे बनवू."

आश्लेषाने बाबाकडे पाहिलं. तो पिशवीची चेन लावत होता. चेन लागली होती. तरी लावत होता.

गाडीत बसल्यावर उल्हासने किल्ली फिरवली नाही. पार्किंगच्या कडेला ढकललेला बर्फ धुरकट, काळा झाला होता. मागच्या सीटवर आश्लेषाने पिशवी मांडीवर धरली होती.

"आपण मूव्ह होतोय का?" तिने विचारलं.

आरशात तिचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"चँडलरला? राजेशकाकांकडे? तिथे स्नो नसतो, मला माहितीये. इट्स ओके."

"चँडलरला नाही, आशू."

"मग?"

"नागपूरला."

"सुट्टीला?"

उल्हासने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "नाही," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोन महिने लागले होते. आणखी बरंच सांगायचं त्याने ठरवलं होतं: आजी, नवी शाळा, गच्चीवरची खोली, तिच्यासाठी रंगवून घेणार होता ती. 

 तेवढ्यात मागे पट्टा सुटल्याचा आवाज आला.

"आशू?"

"एक मिनिट," ती म्हणाली. "वन मिनिट, बाबा. थांब हं, जाऊ नको." आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पार्किंगमधून दुकानाकडे पळाली.

दुकानाच्या दर्शनी काचेतून त्याला सगळं दिसत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं. आश्लेषाने पिशवी काउंटरवर ठेवली. मार्ज हात पुसत बाहेर आली. आश्लेषाने बुटात हात घालून दोन्ही फुटबेड ओढून काढले, तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या पुढच्या टोकांवर बोट ठेवून काहीतरी बोलायला लागली. भरभर बोलत होती. मार्जने एक फुटबेड उचलला, कापलेली कड तिला दाखवली आणि मान हलवली.

आश्लेषाने अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून लांब धरून दाखवलं: पुढे एवढी जागा हवी.

मार्जने पुन्हा मान हलवली. ती खाली वाकली, काहीतरी समजावून सांगायला लागली, आश्लेषाच्या खांद्यावर तिने हात ठेवला.

आश्लेषाने ऐकून घेतलं. मग तिने दोन बोटांमधलं अंतर अर्धं कमी केलं, आणि हात आणखी वर करून, मार्जच्या चेहऱ्यासमोर धरला.