शंभरपैकी शंभर

ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणत. एखादं अक्षर फिकं दिसलं तरी ती समोरच्याची बिनपाण्याने हजामत करायची. "ज्याला दिसत नाही त्याने तुमची वेबसाइट वापरायची कशी?" हे तिचं रोजचं पालुपद.

आज दुपारी बारा वाजता तिने बनवलेली दवाखान्याची वेबसाइट सुरू व्हायची होती, आणि शेवटची तपासणी करायला साहेबांनी मुद्दाम तिच्याच मामांना बोलावलं होतं. मामांची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. ते पडद्यावर बोट फिरवायचे आणि फोन त्या जागी काय आहे ते मोठ्याने सांगायचा.

"तोंड का उतरलंय तुझं?" साहेब हसले. "तपासणीच्या सॉफ्टवेअरने शंभरपैकी शंभर दिलेत की!"

प्रत्येक बटणावर नुसतं चित्र होतं, आणि ते कशाचं हे फोनला कळावं म्हणून मागे चार शब्द लिहावे लागत. जागा रिकामी ठेवली तर ते सॉफ्टवेअर गुण कापतं. म्हणून घाईच्या एका दिवशी तिने सगळीकडे एकच मजकूर डकवला होता. तो नंतर बदलला की नाही, काही केल्या आठवेना.

मामांनी बोट टेकवलं.

"नंतर बघू. बटण," फोन म्हणाला.

बोट सरकलं. "नंतर बघू. बटण."

आणखी खाली. "नंतर बघू. बटण."

साहेबांचं हसू मावळलं. मामांनी मान तिच्या दिशेने वळवली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "यातलं अँब्युलन्सचं कुठलं?"