मागच्या चटया

शांतवन दवाखान्याच्या पायऱ्या चढून वर आला तेव्हा मरियमच्या खाटेवरची गादी दुमडून ठेवलेली होती. हातातलं भाकरीचं गाठोडं त्याने सवयीने खाटेखाली सरकवलं आणि मग तो तसाच उभा राहिला. खाटेखालची फरशी पुसून घेतली होती. काल तिथं तिच्या चपला होत्या.

शेजारच्या खाटेपाशी लंकाबाई बसली होती. ती त्याच्याच गावची, मागच्या आळीतल्या भीमाची बायको. बाळंतपणानंतर लेकीचा ताप उतरेना, म्हणून तिला घेऊन नगरला आली होती. मरियमचं लुगडं घडी करून तिने मांडीवर धरलं होतं.

"दादा, बसा आधी," ती म्हणाली.

"कवा?"

"पहाटं."

"कोन हुतं जवळ?"

"मीच हुते. पानी मागितलं, दिलं. दोन घोट प्याली. मग माजा हात धरला, तो सोडलाच न्हाई."

शांतवनने मान हलवली.

"रातीला जेवली हुती का?"

"भात आला हुता. म्हनली, तूच खा. दुष्काळाचं टाकू नगं."

तो खाटेच्या लोखंडी पट्टीवर बसला. थोड्या वेळाने त्याने वाकून गाठोडं बाहेर ओढलं आणि लंकाबाईच्या पुढे केलं.

"पोरीला द्या. रेशनच्या मिलो जवारीची हाय, पर आजची हाय."

लंकाबाईने गाठोडं घेतलं, लुगडं त्याच्या हातात दिलं. लुगड्याला फिनेलचा वास येत होता. मरियमचा येत नव्हता.

मरियमला गावी आणलं ते खडीच्या ट्रकमधून. दुष्काळी कामावरचा ट्रक नेवाशाच्या रस्त्याने रिकामाच परत चालला होता. ड्रायव्हरने काही विचारलं नाही, फळकूट पाडलं आणि आतली खडीची कच स्वतःच्या टॉवेलने झाडली. घरी पुढचं सगळं थोरल्या भावाने, कृपादानने, पाहिलं. सलग दोन वर्षं पाऊस नाही. जमीन पहारीला दाद देत नव्हती. खड्डा मागच्या आळीतल्या माणसांनी खणला. गावात मयताचे खड्डे तेच खणत आले होते. खणून झाल्यावर ते नेहमीसारखे कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले आणि घरच्यांनी पेटी खाली सोडली. शांतवनने मूठभर माती टाकली. मातीत ओल म्हणून नव्हती. पेटीवर ती वाजली.

गावात ख्रिस्ती घरं दोन जागी होती. पुढच्या आळीत पूर्वीच्या महारवाड्यातली, मागच्या आळीत पूर्वीच्या मांगवाड्यातली. बाप्तिस्मा दोघांनी एकाच ओढ्यात घेतलेला, पण पुढच्यांनी एक पिढी आधी. देवळात दोघांच्या चटया निराळ्या. पुढच्या आळीच्या पुढे, मागच्या आळीच्या मागे, दाराजवळ. असं बसा म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं आणि असं का बसता म्हणून कोणी विचारलेलंही नव्हतं. प्रभुभोजनाच्या रसाला प्याले दोन. एक चांदीचा मुलामा दिलेला, फार पूर्वी एका गोऱ्या साहेबाने दिलेला. तो पुढे फिरे. दुसरा पितळेचा, तो मागे. उपासना चालवायला आलेल्या पाहुण्या पाळकाने विचारलंच तर सांगायचं, एक पुरत नाही.

शांतवन पुढच्या आळीतला, मंडळीचा डीकन होता. प्याला घेऊन रांगेरांगेने फिरायचं काम त्याचं. दोन्ही प्याले तोच फिरवी, आणि एक पुरत नाही यावर त्याचा खरोखर विश्वास होता. देवळात विश्वासाची साक्ष द्यायची वेळ आली की तो पाटलाच्या विहिरीची गोष्ट सांगे. लहानपणी आईबरोबर तो तिथं घागर घेऊन बसे आणि कोणी वरून पाणी घालील म्हणून अर्धा दिवस वाट पाही. "प्रभूनं आपल्याला त्या काठावरून उठवलं," असं तो शेवटी म्हणे. मागच्या चटयांवरची माणसंही ती गोष्ट ऐकत आणि आमेन म्हणत.

लेकीला बरं वाटल्यावर लंकाबाई गावी आली आणि एका दुपारी शांतवनच्या दारी आली. अंगणातच उभी राहिली.

"वर या की," शांतवन ओट्यावरून म्हणाला.

"हितंच बरं हाय."

"पोरगी कशी हाय?"

"हिंडती-फिरती. अंगात रगत न्हाई." मग तिने आवाज खाली आणला. "दादा, एक सांगायचं राहिलं हुतं. तवा तुमी कशात नव्हता, म्हनून बोलले न्हाई. मरियमबाई म्हनली हुती, बरी झाले का येत्या प्रभुभोजनाला तुज्या चटईवर येऊन बसते. तुज्या मागून, एकाच प्याल्यातनं घेते."

शांतवन उठून ओट्याच्या कडेला आला.

"मी म्हनलं, बाई, दादांना इचारा आधी. तर हसली. म्हनली, त्यांना काय इचारायचं? त्यांनी आनून द्यायचं."

हे मरियमचंच बोलणं होतं. शांतवनला तिचा आवाजसुद्धा ऐकू आल्यासारखा झाला आणि त्याने खांबाला हात लावला.

"मी मागाया न्हाई आले," लंकाबाई म्हणाली. "बाईचं बोलनं तुमच्या कानावर असावं, म्हनून आले. मी ठेवून काय करू?"

ती गेल्यावर तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. एवढा संसार झाला, पण हे तिने त्याला कधी म्हटलं नव्हतं. मरायला टेकल्यावर शेजारच्या खाटेला सांगितलं. त्याला सांगण्यासारखं का वाटलं नसेल, हा विचार त्याला मरणापेक्षा जड गेला. दुष्काळी कामावर खडी फोडताना तो हातोडा मध्येच थांबवी आणि मुकादम ओरडला की पुन्हा चालवी.

आठवड्याअखेर त्याने कृपादानला सांगितलं. दोघे टँकरची वाट पाहत रस्त्याच्या कडेला हंडे घेऊन बसले होते.

"या वक्ताला पितळेचा प्याला काढनार न्हाई मी. एकच फिरवनार. आनि सुरवात मागनं करनार."

कृपादानने आधी हंडा सरळ केला.

"शांत्या, बायको गेली म्हनून डोकं गेलं का रं तुजं?"

"तिनं शब्द दिल्ता."

"तिनं दिला, ती गेली. तुला हितं राहायचंय. धाकटीची सोयरीक बघाया मानसं यायची हायेत माज्या दारात. त्यांना काय सांगू? आमी मांगाचं उष्टं पितो म्हनून?"

"पाटलाच्या विहिरीवर आपन..."

"ती विहीर नगं आनू मधी! ती तू देवळात सांग." कृपादानने बिडी काढली, पेटवली नाही. "अरं, प्रभूनं समद्यांना बोलावलंय, मी कुठं न्हाई म्हनतो? पर रांग लावायची आपल्याला हाय. तू मागनं आलास, तर मी उठून जाईन. भाऊ असशील तू."

पाळकसाहेबांनाही शांतवनने सांगून ठेवलं. ते तरुण होते, संगमनेरकडचे, बदली होऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"वचनाप्रमाणे तुमचं बरोबर आहे, शांतवनराव. मंडळीत फूट पडणार नाही एवढं बघा."

"ते मी कसं बघू, साहेब?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

प्रभुभोजनाचा रस मरियम करी. मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळून पिळायच्या, गाळायच्या. या खेपेला शांतवनने स्वतः केला. जाळ मोठा झाला आणि रस खाली थोडा लागला. चव घेऊन पाहावी असं त्याला वाटलं, पण ते बरं दिसलं नसतं. त्याने तो तसाच गाळून नेला.

देवळात माणसं थोडी होती. बरीच तरणी पोरं कामाला पुण्याकडे गेली होती. पुढच्या चटईवर कृपादान मांडी घालून बसला होता, पाठ ताठ. मागे दाराशी भीमा, आणि बायकांच्या बाजूला लंकाबाई, लेक आणि तान्हं. मेजावर एकच प्याला पाहून पाळकसाहेबांनी एकदा शांतवनकडे पाहिलं आणि पुस्तक उघडलं. भाकर मोडली, वाटली. मग त्यांनी प्याला आशीर्वाद देऊन त्याच्या हाती दिला. डाव्या हातावर पांढरं फडकं टाकून शांतवन निघाला.

पुढच्या चटया त्याने ओलांडल्या. पाय शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडत होते, तरी त्याला त्यांचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी खाकरलं. कृपादानकडे त्याने पाहिलं नाही.

"दादा," भीमा हळूच म्हणाला, "आदी तिकडं द्या. आमाला काय घाई न्हाई."

"घ्या."

"उद्या बोल आमाला लागंल, दादा."

"मला लागंल. घ्या."

भीमाने घेतलं. पुरुषांची बाजू झाली, मग तो लंकाबाईपुढे वाकला. तिने पदर सारखा केला, दोन्ही हातांनी प्याला धरला आणि डोळे मिटून एक घोट घेतला. तिच्या शेजारी चटईवर एका माणसापुरती जागा मोकळी होती. शांतवनच्या ते लक्षात आलं. लेकीने घेतलं. मग तो वळला आणि पुढच्या चटयांकडे आला.

पहिलाच कृपादान. शांतवनने प्याला पुढे केला आणि आता हा उठणार म्हणून वाट पाहिली. कृपादानने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, प्याल्याकडे पाहिलं. मग प्याला घेतला, घोट घेतला आणि परत दिला. त्याच्या शेजारच्याने घेतला. त्याच्यापुढच्याने घेतला. बायकांनी घेतला. कोणी उठलं नाही. घरी गेल्यावर हे मरियमला सांगायचं, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं.

उपासना संपली. तो बाहेर येऊन बाभळीच्या सावलीत उभा राहिला. कृपादान चपला घालून त्याच्याकडे आला आणि पाठीवर हात ठेवला.

"मी उठायच्याच बेतात हुतो, शांत्या."

"मग का न्हाई उठलास?"

"तू पुसलास न्हवं प्याला! वळलास आनि चांगला दाबून, गोल फिरवून पुसलास. समद्यांनी बघितलं. म्हनलं, भाऊ आपलाच हाय, इसरला न्हाई. तुजंबी झालं, आमचंबी झालं." तो हसला. "आता घरी चल. वहिनीनं कालवन केलंय, दोन घास खा. हाडं दिसाया लागली तुजी."

"तू हो म्होरं."

कृपादान गेला. शांतवनने हातावरचं फडकं उलगडलं. थेंब सांडू नये म्हणून ते हनुवटीखाली धरायचं असे. कड पुसायची रीत मंडळीत कधीच नव्हती. फडक्यावर मनुकांच्या रसाचा तांबडा पट्टा उमटला होता, बोटभर रुंद, सरळ. तो आठवू लागला. भीमाचं तोंड आठवलं, चटईवरची मोकळी जागा आठवली, वळलेला आठवला. पुसलेलं आठवेना. हाताने आपलं आपण केलं होतं.

मागची माणसं सगळ्यांत शेवटी बाहेर पडत. लंकाबाई तान्ह्याला खांद्याशी घेऊन निघाली होती. शांतवन दोन पावलं पुढे झाला.

"लंकाबाई..."

ती थांबली. त्याच्या हातात फडकं तसंच उघडं होतं. तिने तिकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"तिथं दवाखान्यात आमा दोघीत एकच गिलास हुता, दादा," ती म्हणाली. "बाई पुसत न्हवती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मरियमची एखादी सवय त्याला ठाऊक नसेल म्हणून सांगावी, तसं तिने सांगितलं. मग तान्ह्याच्या डोक्यावर पदर ओढला.

"येते. पोराला ऊन लागतंय."

ती आणि लेक आळीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर तो पाहत राहिला.

तो आत आला. चटया कुणीतरी गुंडाळून भिंतीशी लावल्या होत्या. पाळकसाहेब मेजापाशी थांबले होते. प्याला फिरवणाऱ्याने सगळ्यांचं झाल्यावर स्वतः घ्यायचं, अशी पद्धत होती.

"शांतवनराव, तुमचं राहिलंय," ते म्हणाले. "आज तुम्ही मोठं काम केलंत."

तळाला एक घोट उरला होता. शांतवनने प्याला उचलला, उजेडाकडे धरला आणि फिरवून पाहिला. कडेवर मागच्या चटयांची कसलीच खूण उरली नव्हती.

त्याने तो खाली ठेवला.

"आज नगं, साहेब."

"का?"

शांतवनने फडक्याची घडी केली. आशीर्वाद दिलेला रस ओतून देता येत नाही, म्हणून मग उरलेला घोट पाळकसाहेबांनीच घेतला आणि प्याला मेजावर उपडा ठेवला.

शांतवनचं प्रभुभोजन राहिलं.