एकनाथभाऊंची ओंजळ

परमेश्वराने माणसाच्या उजव्या हाताएवढी थोर वस्तू दुसरी घडवलेली नाही, असं उमेळ्याच्या एकनाथ राऊतांनी १९५४ सालच्या माघात आपल्या ओटीवरून जाहीर केलं. समोरच्या सहा जणांनी माना डोलावल्या. मग भाऊंनी आत वळून आनंदीबाईला हाक मारली, कारण सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. आनंदीबाई आली आणि डाव्या हाताने बटण लावून गेली.

दिवाळीनंतर भाऊंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला. वाचेला तर काही झालंच नव्हतं, असं घरचे जरा सुस्कारा टाकून सांगत. उजवा हात मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर पडून असे. एरवी भाऊंनी तेही चालवून घेतलं असतं. तीस वर्षं केळीची बाग त्यांनी बोट दाखवून राखली होती, आणि दाखवायला डावं बोटही चालतं. पण वैशाखात शांताचं लग्न होतं. शेवटची मुलगी, सगळ्यांत लाडकी. कन्यादानाला आईने झारीतून पाणी सोडायचं, ते बापाच्या ओंजळीतून जावयाच्या ओंजळीत, तिथून मुलीच्या आणि शेवटी काशाच्या ताटात. बापाची ओंजळच होत नसेल तर काकाने बसायचं.

काका तयार होता. धाकटा भाऊ जगन्नाथ दर दोन दिवसांनी येऊन सांगे, "दादा, तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका. मी आहेच." त्याने आपला रेशमी कद धुऊन उन्हात घातलेला भाऊंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर सुई नाही, गोळी नाही. आता हाताकडून काम करून घेऊन हात बरा करणारी माणसं तयार होऊ लागली आहेत. रोज मुंबईला येणं झेपणार नाही, तेव्हा तुमच्याच बाजूला कुणी मिळतं का पाहा. आणि त्या माणसाला काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहून दिलं: ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

भाऊंनी समिती नेमली. देवळाची, शाळेची आणि रस्त्याची अशा तीन समित्यांचे ते अध्यक्ष होतेच, ही चौथी. माणसं तीच. पहिल्या बैठकीत आल्बर्ट मास्तरांनी चिठ्ठीचा अर्थ फोडून सांगितला: माणसाला कामाला लावून बरा करणारा. जगन्नाथ म्हणाला, असं असेल तर आपली सासू तीस वर्षं तेच करते आहे. ही सूचना टिपणात घेतली गेली नाही.

मग शोध सुरू झाला. एकाला विरारला धाडलं, एकाला माणिकपूरला, एकाला वसई गावात. माणिकपूरवाल्याने स्टेशनावर, दवाखान्यात आणि तीन हॉटेलांत चौकशी केली, आणि तिसऱ्या हॉटेलातली भजी चांगली असल्याचं समितीला कळवलं. वसईवाल्याला घरचंच काम निघालं. विरारवाल्याने मिठागराकडच्या दयारामला सोबतच आणला. दयाराम तेल चोळत असे. त्याने भाऊंचा हात उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हात काय घेऊन बसलाव? मी बैलाचा पाय वळनावर आनलाय." तो बैल आता कुठे आहे, असं समितीने विचारलं. दयारामने विषय बदलला.

तीन आठवड्यांनी समितीने निष्कर्ष काढला की नायगाव ते विरार या टापूत असला धंदा कुणी करत नाही. डॉक्टर बहुधा विलायतेबद्दल बोलले असावेत. जगन्नाथने निष्कर्षाला अनुमोदन दिलं.

त्याच वेळी मागल्या दारी माणिकपूरची आग्नेस अंडी घेऊन आली होती. आनंदीबाईने तिला सहज विचारलं. आग्नेस म्हणाली, तिच्या बहिणीची मुलगी इनेझ मुंबईच्या नव्या शाळेत नेमकं हेच शिकली, तिथल्याच इस्पितळात असते आणि दर शनिवारी घरी येते. डझनभर अंडी टोपलीतून निवडून होण्याआधी शोध संपला होता.

"हात कुणाचा?" आग्नेसने विचारलं.

आनंदीबाईने परातीतल्या पिठाकडे पाहिलं. "यांचा," ती म्हणाली.

रविवारी चर्चात मिस्सा आटोपून इनेझ आली. समिती ओटीवर हजर होती. मोठी पेटी घेतलेला कुणी वयस्क गृहस्थ येईल अशी सगळ्यांची कल्पना. आली ती तेवीस वर्षांची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी. तिने वही काढली आणि विचारलं, "काका, सकाळपासून रात्रीपर्यंत या हाताने तुम्ही काय काय करत होता?"

भाऊंनी विचार केला. "काम बघत होतो."

"हाताने?"

"दाखवत होतो," भाऊ म्हणाले. समितीने आपापल्या पायांकडे पाहिलं.

इनेझने नेट सोडला नाही. आंघोळीचं पाणी? ते आनंदीबाई काढे. धोतराच्या निऱ्या? त्या आनंदीबाई करून ठेवी. पान? तेही तीच लावी. इनेझने वहीत एक ओळ लिहिली, खोडली आणि प्रश्न बदलला. "बरं, आता या हाताने काय करायचंय?"

या प्रश्नावर भाऊ अडले नाहीत. "पाणी धरायचंय," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. डावा वाटीसारखा झाला. उजवा त्याच्याशेजारी फळीसारखा पडून राहिला.

इनेझने अंगणात पाहिलं. सुकेळ्यांचे दिवस होते. पिकल्या राजेळी केळ्यांची रास पडली होती आणि बायका सोलून सोलून ती मांडवावर वाळत घालत होत्या. तिने सांगितलं, उजव्या हाताने केळी सोलायची, आणि वाळली की केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळून बांधायची. बोटांना वळायला याहून चांगलं काही मिळणार नाही.

"हे बायकांचं काम आहे," भाऊ म्हणाले.

"मग बायकांना विचारून शिका, काका."

पहिलं केळं अर्ध्या तासाने सुटलं. वटवाघळाने टाकून दिल्यासारखं दिसत होतं. पुरावा राहू नये म्हणून भाऊंनी ते खाल्लं. होळीपर्यंत सात-आठ केळी व्हायला लागली, आणि त्यातली दोनच खावी लागत. गाव बघायला येई. भाऊ जागचं न उठता सांगत की बागायतदाराने सगळी कामं स्वतः करून पाहिली पाहिजेत. पाडव्याला त्यांनी पहिली जुडी बांधली. ती संध्याकाळपर्यंत टिकली. मग इनेझ दर रविवारी तांब्यातून त्यांच्या ओंजळीत पाणी सोडू लागली. आधी सगळं गळे, मग निम्मं, आणि चैत्र सरता सरता थेंबभरच.

लग्नाच्या दिवशी भाऊ पाटावर बसले. लागलंच तर म्हणून जगन्नाथ कद नेसून शेजारी उभा राहिला. मांडवातल्या सगळ्यांचे डोळे भाऊंच्या उजव्या हातावर. भाऊंनी ओंजळ केली आणि ती काशाच्या वाटीसारखी जमली. भटजींनी मंत्र सुरू केला. आनंदीबाईने झारी कलती केली.

पहिली धार भटजींच्या पोथीवर पडली. दुसरी जगन्नाथच्या कदावर. भाऊंची ओंजळ होती तशीच, कोरडी ठणठणीत.

"दादा, मी आहेच," जगन्नाथ म्हणाला.

"तू हो बाजूला," भाऊ म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. झारी थरथरत होती. आईचं काळीज, असं भाऊंनी मनाशी ठरवलं. आणि झारीचं तोंड जिकडे जाईल तिकडे आपली ओंजळ नेत नेत त्यांनी धार पकडली. पाणी जावयाच्या हातात गेलं, शांताच्या हातात गेलं आणि ताटात वाजलं.

पंगतीआधी भाऊ उठून उभे राहिले. माणसाच्या उजव्या हाताएवढी थोर वस्तू दुसरी नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितलं, आता स्वानुभवाने. उमेळ्यात हातांच्या उपचाराचं मोठं केंद्र काढायचं, त्याची समितीही तयारच आहे, असंही सांगितलं. मग इनेझकडे वळून जाहीर आभार मानले आणि काम फत्ते झालं, आता पुढच्या रविवारपासून यायची तसदी नको, म्हणाले.

मागे आनंदीबाई झारी डाव्या हातात घेऊन उभी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एक रविवार येऊ द्या त्यांना. माझं मनगट तेवढं दाखवायचंय."