तारली नव्हती ती

एकोणसाठ साली, दसरा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा मुंबईहून मंगळूरला जाणारं एक विमान नाहीसं झालं. एकवीस माणसं होती त्यात. ते कुठे गेलं हे आमच्या वाडीत ज्याला त्याला ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी. तळेऱ्याचा हॉटेलवाला धोंडू सांगायचा, गोव्याच्या पोर्तुगीजांनी ते खाली उतरवून लपवलंय. हौसाबाईच्या मते त्यात सोनं होतं, म्हणून चोरांनी ते सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर, उतरवलं आणि तुकडे करून बैलगाड्यांतून नेलं. मग मी मागे कशी राहू? विहिरीवर मी सांगून टाकलं, सोमवारी दुपारी ते माझ्या परसावरून डोंगराकडे गेलं, इतकं खालून की दोरीवरचं लुगडं उडालं आणि लुगड्याबरोबर माझी तांबडी कोंबडीपण गेली.

सोमवारी दुपारी मी झोपले होते. पण ते कोणी विचारलं नाही.

माझी गोष्ट एस्टीत बसून तळेऱ्याला पोचली. तिथे पोचेपर्यंत एका कोंबडीच्या दोन झाल्या होत्या, वर शेळीची एक पाट. दुसऱ्या दिवशी जीप आली, शोधकामाचे साहेब उतरले, आणि कागदावर माझं नाव लिहून घेतलं, आनंदी, प्रत्यक्ष पाहणारी. शंभर माणसं नांदगावच्या बाजूला, डोंगरात रान तुडवायला गेली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटलं.

पण हे सांगायचंय ते माझ्यासाठी नाही, माझ्या सासऱ्यांसाठी. दत्ताराम त्यांचं नाव, मी त्यांना मामंजी म्हणायची.

आमच्या किनाऱ्यावर रापण लागायची. लांबलचक जाळं होडीतून समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांनी चाळीस घरांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं. पण जाळं केव्हा सोडायचं हे सांगायला टेकडीवर एक माणूस बसलेला असायचा. पाण्याचा रंग बघून, चकाकी बघून, माशांवर घिरट्या घालणारे पक्षी बघून तो हाक मारायचा, आणि हाक आली की हातातलं टाकून सगळी धावायची. तीस वर्षं ती हाक मामंजींची. रिवाज असा होता, की जाळ्यातून मासा निसटला तर दोष नाही, ते समुद्राचं. पण मासा नव्हताच आणि हाक मारली, तर त्या माणसाचा डोळा गेला असं धरायचं. त्याने खाली यायचं आणि इतरांबरोबर दोर ओढायचा. टेकडी गेली म्हणजे पुन्हा मिळत नसे.

विमान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्याची बातमी यायच्या आधी, मामंजींनी हाक मारली. पाण्यावर मोठा चकाकता पट्टा दिसला, तारली मासळी असते तेव्हा दिसतो तसा. तीन तास ओढून जाळं आलं रिकामं.

रापणीचा तांडेल बाबली, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, हसत म्हणाला, "काय दत्तारामकाका, आमका पाणी ओढूक बोलवलास काय?"

"मासो खालसून गेलो," मामंजी म्हणाले. सगळ्यांनी मानलं. मासा जातो कधी कधी.

शुक्रवारी साहेबांबरोबर मुंबईची एक बाई आली. तिचा नवरा त्या विमानात होता. चपला हातात धरून ती वाळूतून सरळ माझ्याकडे आली.

"विमान तुम्हीच पाहिलंत ना? इतकं खालून गेलं म्हणता. खिडकीत कोणी दिसलं का हो? त्यांना खिडकीशी बसायला आवडतं."

"नाही, बाई," इतकंच म्हटलं. बाजूला मामंजी जाळं शिवत बसले होते. ती गेल्यावर त्यांनी जाळं खाली ठेवलं, टोपी घातली.

"मामंजी, खंय चललास?"

"शाळेत. सायबाकडे."

"कित्याक?"

"मंगळवारची ती तारली नव्हती गो. तेल होता ता. जाळ्याक अजून रॉकेलसारखो वास येता. बातमी इली तेव्हाच माका कळला. तीन दिवस गप रवलंय."

"बाबली उद्या वर दुसऱ्याक बसवतलो."

"बसवंदे," म्हणाले आणि चालायला लागले. मी मागोमाग.

साहेबांचा मुक्काम शाळेत होता, तिथे ते नकाशा पसरून बसले होते. खिडकीला रापणीची अर्धी माणसं लोंबकळत होती, बाबली सगळ्यांत पुढे. मामंजींनी साहेबांपुढची मराठी काढली, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"साहेब, मंगळवारी मी पाण्यावर मासा पाहिला. तो मासा नव्हता, तेल होतं. माझी चूक झाली. चाळीस घरांना मी फुकट ओढायला लावलं."

"मासा आणि तेल यातला फरक कळत नाही तुम्हाला?"

"कळतो, साहेब." मग ती मराठी सुटली. "तीस वर्सा कळलो. त्या दिवशी नाय कळलो. वर एक पक्षी नव्हतो. ता माका दिसला, तरी हाक मारलंय."

खिडकीतल्यांनी बाबलीकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "पण विमान तर डोंगराकडे गेलं. या बाईंनी स्वतः पाहिलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामंजी बघत नव्हते, जमिनीकडे नजर होती त्यांची. म्हातारा माणूस एवढं सांगून मोकळा झाला आणि मी काय तोंड मिटून बसणार?

"मी काय बघूक नाय, साहेब. मी निजलेली होतंय."

"आणि कोंबडी?"

"घरी आसा. अंडी घालता."

साहेब मला जे बोलले ते मी इथे घालणार नाही, पण होतं ते बरोबर. मग त्यांनी नकाशा मामंजींपुढे सरकवला. मामंजींनी तो बाजूला केला आणि साहेबांना दंडाला धरून टेकडीवर नेलं. पाण्यातून बघताना देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा एकटा ताड एका रेषेत येतात, तिथे मंगळवारी पट्टा होता. आदल्या दुपारपासून पाण्याची ओढ विजयदुर्गाकडून खाली होती, वारा मंद होता. म्हणजे विमान तिथून वर, किल्ल्यासमोर, दोन कोस बाहेर. जाळं सोडायची जागा दाखवावी तशी त्यांनी बोट रोखून दाखवली.

रविवारी लाँचच्या गळाला विमानाचं शेपूट लागलं. दाखवलेल्या जागेपासून फार तर अर्धा कोस इकडेतिकडे. जिवंत कोणीच नव्हतं. ती बाई जाताना मामंजींच्या पाया पडली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, आणि का बघावं?

सोमवारी सकाळी मामंजी रिवाजाप्रमाणे दोराशी येऊन उभे राहिले. बाबली म्हणाला, "हंय काय करतास?"

"ओढूक इलंय."

"वर जावा."

"हाक चुकली माझी, बाबली."

"चुकली ती. पण आमी मासो गेलो म्हणानच धरून चललेलो, तुमका कोण विचारूक येणार नव्हतो. तुमी जावन सांगलास. आता तुमी मासो म्हटलास तर थंय मासोच असतलो. जावा आता, ऊन चढता."

मामंजींनी दोर सोडला नाही. तेव्हा बाबलीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

अकरा दिवस टेकडीवरून हाक आली नाही. चाळीस घरं सुक्या सुंगटांवर, कोळंबीवर, जेवत होती. पक्षी नाहीत म्हणून मामंजी नुसते बसून. पाण्यावर दोनदा चकाकलं, ते खालून आम्हालासुद्धा दिसलं, पण ते बसूनच राहिले आणि त्यांना कोणी एका शब्दाने टोचलं नाही. बाराव्या दिवशी हाक आली. बांगडे किती मिळाले ते मी सांगणार नाही, माझ्या आकड्यावर आता कोण विश्वास ठेवील? पण हाक आली तेव्हा हौसाबाई भाकरीच्या पिठाच्या हातांनीच दोराला लागली, मी तिच्यामागे, आणि वाळूत धावताना एकानेही मान वर करून विचारलं नाही, की काका, नक्की मासाच ना?